गोड्या पाल्याचं माहेर

दळवीसाहेबांनी धरण उघडण्याच्या सोहळ्याला ‘माहेरपण’ असं नाव दिलं होतं, आणि मला पहिला राग आला तो त्या नावाचा. चौतीस वर्षांपूर्वी तुम्हीच दार लावून घेतलंत, आतल्यांना कुणी विचारलं नाही, आणि आता दार उघडताना हळदीकुंकू? निमंत्रणपत्रिकेवर नथ घातलेला मासा काढला होता. मी ती पत्रिका प्रयोगशाळेच्या फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवली. राग टिकवायलाही काहीतरी साधन लागतं.

पण त्या पत्रिकेत एक ओळ होती, तिच्यावर रागावायचा मला अधिकार नव्हता. ‘येथील पाला मासा समुद्राच्या पाण्यात सुखरूप राहू शकतो, हे शास्त्रीय चाचणीने सिद्ध झाले आहे.’ ती चाचणी मी केली होती. अहवालाखाली सही माझी होती, डॉ. केतकी जयेंद्र तांडेल.

आमचं वेळकोंड हे सांबरी नदीच्या मुखावरचं कोळ्यांचं गाव. २०२५ साली सरकारने खाडीच्या तोंडावर बांध घातला. आत गोडं पाणी साठेल, कारखान्यांना मिळेल, उरलं तर आसपासच्या गावांना मिळेल, असा तो हिशेब. बांधाच्या आत अकरा किलोमीटर लांबीचं तळं झालं. आमचे लोक समुद्राला पारखे झाले. मोठ्या होड्या विकून लहान घेतल्या, वादळवाऱ्याचे आडाखे विसरले आणि तळ्याच्या गाळाचे शिकले. माझ्या पिढीला तर समुद्र म्हणजे बांधावर उभं राहून बघायची गोष्ट. मी कोळ्याची पोर आहे आणि मला बोट लागते, हे मी बाहेर कुणाला सांगत नाही.

आमच्यासारखाच आणखी एकजण आत अडकला. पाला. हा मासा मुळात समुद्रात राहणारा, अंडी घालायला तेवढा पावसाळ्यात नदीत चढणारा. ज्या वर्षी बांधाचे दरवाजे बसले त्या वर्षीची पिल्लं परत जाऊच शकली नाहीत. तज्ज्ञ म्हणाले, चार वर्षांत संपतील. ती संपली नाहीत. आत वाढली, आतच व्याली. चवीला थोडी सपक, अंगाने लहान, पण भरपूर. गावाने त्या माशाला ‘गोड्या’ म्हणायला सुरुवात केली, आणि गेली तीस वर्षं वेळकोंडची दोनशे घरं त्या गोड्यावर जगली.

आता बांध म्हातारा झाला होता. त्याची डागडुजी परवडत नव्हती आणि कारखाने दुसरीकडे गेले होते. म्हणून खाडी पुनरुज्जीवन प्राधिकरण नावाचं नवं खातं निघालं. दरवाजे काढायचे, समुद्र आत घ्यायचा, मासे ‘माहेरी’ जातील आणि जगभर टाळ्या पडतील. नुकसानभरपाईचा प्रश्न आत्याने पहिल्याच बैठकीत विचारला. माझी मोहना आत्या, बाबांची थोरली बहीण, मच्छीमार सोसायटीची अध्यक्ष आहे. तिला उत्तर मिळालं, नुकसान कसलं? मासा तोच, पाणी तेवढं बदलणार. तुमच्या भाचीनेच तसं सिद्ध केलंय.

आत्या त्या दिवसापासून माझ्याशी मोजून बोलायला लागली.

*

जनुकांचे निकाल पुण्याहून आले तेव्हा दरवाजे उघडायला चोवीस दिवस उरले होते. अहवाल मी आधीच दिला होता, कारण प्राधिकरणाला घाई होती आणि चाचणीचा निकाल स्वच्छ होता. एकशेवीस जिवंत गोडे समुद्राच्या पाण्यात सोडले, बहात्तर तासांनी एकशेतेरा जिवंत. जनुकांचं काम ही नुसती पुरवणी होती.

यात काय शोधायचं होतं ते सांगते. माशाच्या रक्तातलं मीठ समुद्रापेक्षा कमी आणि नदीपेक्षा जास्त असतं. त्यामुळे समुद्रात त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि मीठ आत घुसतं. नदीत नेमकं उलट. दोन्हीकडे जगायचं तर कल्ल्यांत दोन प्रकारचे पंप लागतात, एक मीठ बाहेर फेकणारा आणि एक मीठ आत ओढणारा. पाल्याकडे दोन्ही असतात आणि पाणी बदललं की तो एक बंद करून दुसरा चालू करतो. हे पंप फुकट चालत नाहीत. माशाच्या खाण्यातला बराच वाटा त्यांच्यावर खर्च होतो.

आता असा मासा गोड्या पाण्यात कायमचा अडकला तर? मीठ बाहेर फेकणारा पंप त्याला कधीच लागणार नाही. पिल्लांपैकी एखाद्याचा तो पंप जन्मतःच मोडका असेल, तर समुद्रात ते पिल्लू मेलं असतं. तळ्यात त्याचं काहीच बिघडत नाही, उलट तेवढी ताकद वाचते आणि ते चार अंडी जास्त घालतं. ज्या गावात पाऊसच पडत नाही तिथे मोडकी छत्री दुरुस्त कोण करतो? उत्क्रांती म्हटलं की लोकांना लाखो वर्षं आठवतात, पण असे बंदिस्त मासे जगात इतरत्रही सापडलेत आणि काही ठिकाणी हे बदल माणसाच्या एका आयुष्यात झालेत. पाला दीड-दोन वर्षांत वयात येतो. चौतीस वर्षं म्हणजे त्याच्या जवळजवळ वीस पिढ्या.

मी तळ्यावरच्या सहा ठिकाणांहून बाजारात आलेल्या माशांचे नमुने पाठवले होते. आणि चाचणीतल्या एकशेवीस माशांच्या शेपटीचे तुकडेही.

बाजारातल्या माशांत शंभरातल्या चौऱ्याण्णव जणांचा मीठ फेकणारा पंप मोडका होता.

चाचणीतल्या माशांत शंभरातल्या शहाण्णव जणांचा शाबूत.

मी तो तक्ता तीनदा वाचला. आधी वाटलं पुण्यात डब्यांची अदलाबदल झाली. फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, मॅडम, आम्हालाही तसंच वाटलं म्हणून आम्ही दोनदा तपासलं. एकाच तळ्यातले, एकाच जातीच्या माशांचे दोन गट इतके वेगळे असू शकत नाहीत. ते मासे या तळ्यातले नव्हतेच, किंवा होते तर अशा जागेचे होते जिथली मला माहितीच नव्हती.

ते एकशेवीस मासे मला बाबांनी आणून दिले होते.

*

बाबा ओट्यावर होडीची बॅटरी उघडून बसले होते. एकसष्ट वर्षांचे आहेत, पण उन्हावर चालणाऱ्या त्या मोटरीशी त्यांचं अजून जमलेलं नाही. तिला ते ‘तुझी बॅटरी’ म्हणतात, जणू मीच ती बनवली.

“बाबा, मला चाचणीसाठी मासे दिलेत ते कुठून काढले होते?”

“तळ्यातून. आनि कुठून?”

“तळ्यात कुठून?”

त्यांनी पाना खाली ठेवला. “कला गं? काय झालं? मेलं का?”

“मेले नाहीत. तेच तर.”

बाबांचा चेहरा उजळला. “मंग? बोललो नव्हतो? आपला मासा मरायचा नाय.”

पाला हा फार नाजूक मासा. जाळ्यात आला की खवले गळतात आणि मिनिटभरात मरतो. एकशेवीस पाले जिवंत आणणं हे कुणालाच जमणारं नव्हतं, आणि बाबांनी ते एका सकाळी आणले तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटले होते, माझ्या बाबांचा हातच तसा आहे. आता मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला.

त्यांनी पाना पुन्हा उचलला. मग हळूच म्हणाले, “खारजायच्या कोंडातून.”

बांधाच्या दक्षिण टोकाला, जिथे पूर्वी मिठागरं होती, तिथे खडकांत एक खोल डोह आहे. खारजाईचा कोंड. अरुंद घळीतून तळ्याला जोडलेला. त्याच्या काठावर देवी आहे आणि त्या पाण्यात कुणी जाळं टाकत नाही. टाकलंच, तर त्याने आपलं जाळं देवीच्या पायरीवर ठेवायचं आणि पुन्हा हातात धरायचं नाही. हा नियम बांधाच्या आधीचा आहे. तो मोडणारा माणूस मी पाहिलेला नव्हता.

“बाबा, का?”

“का म्हंजी? परीक्षा हाय बोललीस ना तू? मुंबईचं साहेब बघनार, पास का नापास ठरनार. पोरीच्या परीक्षेला मी काय मरतुकडं मासं देऊ? कोंडातलं मासं अंगानं भारी. मानसाला भीत नाय, टप बुडवला का आपसूक आत येतान. देवीफुढं नारल ठेवला, माफी मागली नि आनलं.”

रागाने माझे कान तापले होते, पण तो राग कुणावर काढायचा तेच कळेना. मी त्यांना ‘चाचणी’ म्हणायला हवं होतं आणि बसून समजवायला हवं होतं, की मला चांगले मासे नकोत, जसे असतील तसे हवेत. मी घाईत होते. परीक्षा म्हणाले. ज्या माणसाने माझ्या प्रत्येक परीक्षेला पहाटे उठून ताजी सुरमई शोधून आणली, त्याच्यासमोर परीक्षा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी क्षारमापक घेऊन कोंडावर गेले. पाणी खारट होतं, समुद्राच्या निम्म्याहून जास्त. भरतीला खाडीचं पाणी बांधाच्या पायाखालून झिरपून तिथे येत होतं. म्हणजे त्या डोहात मोडका पंप घेऊन जन्मलेलं पिल्लू आजही मरत होतं, आणि जुनी जात तिथे तशीच टिकली होती. अकरा वर्षं मी या तळ्यावर संशोधन केलं. पाणी सहा ठिकाणी मोजलं, गाळ मोजला, शेवाळ मोजलं. कोंडात मापक बुडवायचं एकदाही मनात आलं नाही. विज्ञानाची पदवी घेतली तरी लहानपणी ‘तिकडं जायचं नाय’ म्हणून सांगितलेल्या जागी माझा पाय वळला नव्हता.

*

“बसा, डॉक्टर,” दळवीसाहेब म्हणाले. समीरण दळवी, प्राधिकरणाचे संचालक, कधीही आवाज न चढवणारे. भिंतीवर सोहळ्याची चित्रं लावली होती. नथवाला मासा तिथेही होता.

मी सगळं सांगितलं. मासे कुठून आणि कुणी आणले ते सोडून. ‘नमुने तळ्याचे प्रातिनिधिक नव्हते’ एवढंच म्हणाले.

“दरवाजे उघडले तर तळ्यातल्या शंभरातले नव्वद मासे आठवडाभरात मरतील,” मी म्हणाले. “पाण्यात राहून तहानेने मरतील. मी पुन्हा चाचणी करते, मला दोन महिने द्या.”

“सोहळा चोवीस तारखेला आहे.”

“सोहळा पुढे ढकलता येतो. मेलेला मासा परत येत नाही.”

त्यांनी माझाच अहवाल उघडून माझ्यासमोर ठेवला. “हा तुम्ही लिहिलात. याच्यावर तीन मंत्रालयांच्या सह्या झाल्या. आता तुम्ही म्हणता चुकला. उद्या पुन्हा म्हणाल, नाही, बरोबर होता. विज्ञान असं चालतं का?”

“असंच चालतं,” मी म्हणाले. “चूक सापडली की सांगायची.”

“मग नीट सांगा. नमुने चुकीचे होते तर कुठले होते? कुणी काढले? पुरवठा करणाऱ्याचा लेखी जबाब आणा. त्याशिवाय फाईल उघडता येणार नाही. परवा गावात जनसुनावणी आहे, तिथे द्या हवं तर.”

आपलेच दात नि आपलेच ओठ. बाबांचं नाव दिलं तर गाव त्यांच्या हातातलं जाळं काढून घेणार. नाही दिलं तर गावाच्याच हातात जाळी उरणार नाहीत. आणि हे दोन्ही माझ्यासमोर ठेवून तो माणूस शांतपणे चहा मागवत होता. अहवाल हवा होता तेव्हा याच साहेबांनी मला दिवसातून चार फोन केले होते. नमुने कुठले, हा प्रश्न त्यातल्या एकाही फोनवर विचारला नव्हता. हवं ते उत्तर मिळालं की प्रश्न विचारायची कुणाला गरज पडत नाही, आणि त्या वेळी मलाही पडली नव्हती.

घरी मी बाबांना कोंडातल्या माशांमुळे काय घोळ झाला ते सांगितलं, साहेबांनी मागितलेल्या जबाबाचं मात्र काही सांगितलं नाही. भाकरी खाल्ली आणि आडवी झाले.

*

सुनावणी सोसायटीच्या मासळी हॉलमध्ये होती. पुढे टेबल, टेबलावर पाण्याच्या बाटल्या, समोर अख्खं गाव. दळवीसाहेबांनी पडद्यावर चित्रफीत दाखवली. दरवाजा उघडतो, मासे ओळीने बाहेर जातात, मागे सनई वाजते.

मी उठले. माझा अहवाल चुकीचा आहे, हे मी मोठ्याने आणि सोप्या शब्दांत सांगितलं. पंप, मीठ, वीस पिढ्या. हॉलमध्ये कुजबुज झाली. पुढच्या रांगेतली आत्या प्रथमच माझ्याकडे सरळ बघत होती.

“डॉक्टरांच्या भावना आम्ही समजू शकतो,” साहेब म्हणाले, “त्यांचं हे गाव आहे. पण मी त्यांना एकच प्रश्न विचारला होता. चाचणीचे मासे कुठले होते?”

मी गप्प राहिले.

“बघा,” ते गावाकडे वळून म्हणाले. “उत्तर नाही. मग आपण अहवाल ग्राह्य धरून पुढे जाऊ.”

“उत्तर हाय.”

मागच्या रांगेत बाबा उभे राहिले होते. धुवट सदरा घालून आले होते. त्यावरून मला कळायला हवं होतं.

“मासं मी दिलं. जयेंद्र पांडुरंग तांडेल. खारजायच्या कोंडातून काढलं. पोरीला म्हाईत नव्हतं. पोरीनं इचारलं नाय नि मी सांगितलं नाय.”

मग शेजारचा किसन चोगले बाबांचा सदरा ओढून म्हणाला, “जयादादा, तू जालं कुठं टाकलंस? टप बुडवलास ना? नियम जाल्याचा हाय.”

“मासा काढला ना मी?” बाबा म्हणाले. “मंग झालं.”

साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. “ठीक. यांच्या जबाबाची नोंद घेऊ. पण एका माणसाच्या बोलण्यावर...”

“बोलन्यावर नको,” आत्या उठली. “साहेब, तुमी आमच्या गावात आलाव. जेवल्याबिगर पाव्हना जात नाय इथं. तवर मासंच काय ते सांगतील.”

तिने पोरांना बांधापलीकडे धाडून समुद्राचं पाणी आणवलं आणि हॉलमधल्या दोन मोठ्या टाक्या भरून घेतल्या. एकीत तळ्यातले वीस गोडे. ते जिवंत आणायला बाबांनाच जावं लागलं, आणि या खेपेला खरंच त्यांच्या हाताचं कसब होतं. मासा पाण्याबाहेर न काढता, हात न लावता, टपातल्या पाण्यासकट उचललेला. दुसऱ्या टाकीत कोंडातले वीस. कोंडावर बाबांसोबत आत्या स्वतः गेली. जो दंड भावाला, तोच मला, असं तिने जाण्यापूर्वी सगळ्यांना सांगितलं. तिसरी टाकी मी मागितली. तिच्यात तळ्याचं पाणी आणि तळ्याचेच वीस मासे, म्हणजे उचलण्यानेच मेले असं म्हणायला जागा उरू नये.

साहेबांच्या गाडीसमोर बायका डाळ निवडत बसल्या. गाडी निघणार नव्हती, एवढंच.

पहिला तास काहीच झालं नाही. साहेब घड्याळ बघत होते. दुसऱ्या तासात पहिल्या टाकीतले मासे वरच्या बाजूला येऊन तोंड उघडझाप करू लागले. तिसऱ्या तासात त्यांचे डोळे खोल गेले. अंगातलं पाणी निघून जायला लागलं की मासा असा दिसतो. चांदीसारखी कातडी मळकी झाली. जेवणाची ताटं आली होती, पण साहेबांचा हात ताटाला लागला नाही. एकेक मासा कुशीवर होत गेला आणि आत्या टाकीजवळ स्टूल घेऊन बसून मोठ्याने मोजत होती. सहा. सात. अकरा. कुणी रडत नव्हतं, पण मी तो आवाज जन्मभर विसरणार नाही. आमचं जेवणखाण, आमच्या शाळेच्या फिया, माझी पदवी, सगळं त्या टाकीत उलटं होत होतं, आणि हे सगळं चोवीस तारखेला सनई लावून करायचं ठरलं होतं.

संध्याकाळपर्यंत विसातले अठरा मेले. तळ्याच्या पाण्यातले दोन. कोंडातला एकही नाही.

दळवीसाहेब उठले. टाकीत बघायचं टाळत म्हणाले, “कार्यक्रम तूर्त स्थगित.”

*

त्याच आठवड्यात बाबांनी जाळं घडी घालून खारजाईच्या पायरीवर ठेवलं. मी आत्याशी भांडले. घसा बसेपर्यंत भांडले. “त्यांच्यामुळे तुमचा मासा वाचला, आणि तुम्ही त्यांनाच दंड करता? सरकार आपले नियम खिशात घालून फिरतं आणि तुम्हाला मात्र यांच्याच बाबतीत नियम आठवतो?”

आत्याने ऐकून घेतलं. तिने स्वतःचंही जाळं बाबांच्या शेजारी ठेवलं होतं. “केतकी, त्यो कोंड आपन राखला म्हनून जुना मासा उरला,” ती म्हणाली. “नियम नसता तं टाकीत दाखवाया काय होतं तुझ्याकडं?”

तिचं म्हणणं खरं होतं. म्हणून राग आणखीच आला.

पण खरा राग शुक्रवारी आला. प्राधिकरणाचं प्रसिद्धीपत्रक सगळ्यांच्या फोनवर आलं. बाबा ओट्यावर बसून ते वाचत होते. चष्मा कपाळावर आणि फोन डोळ्यांपासून लांब धरून, एकेक शब्द सोडवत.

“‘स्थानिक मच्छीमार जयेंद्र तांडेल यांनी चाचणीच्या नमुन्यांत... भेसळ केल्यामुळे... प्रकल्पास विलंब झाला असून... त्यांच्यावर कारवाईचा विचार...’”

चोराच्या उलट्या बोंबा. ज्या माणसाने भर सभेत उभं राहून खरं सांगितलं, तो भेसळ करणारा. ज्यांना खरं ऐकायचंच नव्हतं, ते फसवले गेलेले. सबंध पत्रकात मासा मरेल असं कुठे लिहिलं नव्हतं. तळ्यात वीस पिढ्यांत एक वेगळा मासा तयार झालाय, आणि त्याला आता या तळ्याशिवाय घर नाही, हे तर नव्हतंच. मी तो फोन हिसकावून घेणार होते.

“भेसल,” बाबा म्हणाले. “चालीस वरसां मासं इकलं. ताज्यात शिला नाय मिसलला कदी.” मग त्यांनी पत्रक बोटाने खाली सरकवून पुन्हा वरपासून बघितलं. “तुजं नाव नाय ना यात?”

“नाही.”

“बरं झालं,” ते म्हणाले. खरोखर बरं वाटल्यासारखे म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

मी आत गेले. विद्यापीठाला, प्राधिकरणाला, आणि त्या पत्रकाच्या यादीत होते तेवढ्या सगळ्या वर्तमानपत्रांना एकच पत्र लिहिलं. यानंतर कुठल्या सरकारी कामावर मला घेणार नाहीत, हे लिहितानाच कळत होतं. माझ्या विभागप्रमुखांचा फोन वाजत होता, तो मी उचलला नाही.

‘नमुने मी मागवले होते. ते कुठून आणले, हे मी विचारलं नाही. तळ्यातली एक जागा मी अकरा वर्षांत एकदाही तपासली नाही. चुकीच्या अहवालावर सही माझी आहे, आणि कारवाई करायची ती माझ्यावर करावी. जयेंद्र तांडेल यांच्याकडे मी मासे मागितले आणि त्यांनी त्यांच्याजवळचे सगळ्यात चांगले मासे दिले. याला भेसळ म्हणत नाहीत. माझे वडील आहेत ते.’